बेचाळीस घरांत ‘जागा पुरेशी’

एका वस्तीतल्या बेचाळीस घरांपुढे मी स्वतःच्या हाताने ‘जागा पुरेशी’ असं लिहून दिलं. त्यातल्या एकाही घरात मला धड पाय लांब करून बसता आलं नसतं. लिहिताना मी पूर्ण शुद्धीवर होतो, पेन माझंच होतं आणि अक्षर, सगळे म्हणतात, सुरेख आहे.

अक्षराचं मुद्दाम सांगितलं. या सगळ्या प्रकरणात माझ्या बाजूने बोलण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे.

मी नाशिकला सरकारी प्राथमिक शाळेत मास्तर आहे. मास्तर दिसला की सरकारला काहीतरी मोजायचं आठवतं. आम्ही मतदार मोजले, शाळेबाहेरची मुलं मोजली, एका वर्षी शौचालयं मोजली. त्या वर्षी माझ्या मुलीने वर्गात ‘माझे बाबा’ या विषयावर काय निबंध लिहिला ते इथे सांगत नाही. तर दोन-तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आदेश आला की दाटीच्या वस्त्यांची पाहणी करायची आहे. ज्यांची जागा अपुरी त्यांना नव्या इमारतींत घरं मिळणार आहेत. घरटी एक फॉर्म. माझ्या वाट्याला नाल्याकाठच्या वस्तीतली एक गल्ली आली. बेचाळीस दारं.

आधी एक दिवस प्रशिक्षण झालं. पंखा एक आणि मास्तर साठ. पडद्यावर फॉर्म दाखवला. रकाना चौदा असा होता: ‘राहण्याची जागा पुरेशी की अपुरी (पाहणी करणाऱ्याने समक्ष बघून ठरवावे)’. मी हात वर केला. वर्गात मुलांनी हात वर केलेला मला आवडतो, म्हणून मीही करतो.

“पुरेशी म्हणजे किती?”

समजावून सांगणारे गृहस्थ दमले होते. म्हणाले, “सर, तुम्ही शिक्षक आहात. तुम्हाला बघितल्यावर कळेलच की.”

खरं तर हे उत्तर नव्हतं. पण साठ मास्तरांपुढे मला ‘तुम्हाला कळेलच’ म्हटलं गेलं होतं, त्यामुळे मी खूश होऊन खाली बसलो. मोजायची टेप मागाहून मिळेल असं सांगितलं. ती काही मिळाली नाही, आणि मलाही तिची उणीव भासली नाही.

आता ते मधलं घर. गल्लीत बरोबर मध्यावर, निळ्या दाराचं. दारातच एका मावशींनी मला अडवलं, म्हणजे अडवलं ते बाहेर उभं राहू नये म्हणून.

“आत या ना गुरुजी, असं दारात काय उभं ऱ्हायचं.”

“नको मावशी, इथूनच लिहितो. उगाच तुमची गैरसोय.”

“गैरसोय कसली. या, बसा. जागाच जागा हाय.”

मी आत गेलो. खाटेवर धुतलेली चादर घातली होती. भिंतीला टेकायला उशी दिली. चहा आला तोही बशीसकट, आणि कपाचा कान शाबूत. खोलीत मी, मावशी आणि कोपऱ्यात चकाकणारी स्टीलची भांडी. अंथरुणं घडी करून पत्र्याच्या पेटीवर रचलेली. जमीन पुसलेली. मी इकडेतिकडे बघितलं आणि मनापासून वाटलं, वा, काय ऐसपैस ठेवलंय.

“घरात माणसं किती?”

मावशी बोटं दुमडत मोजू लागल्या. त्या, त्यांचे मालक, मोठा मुलगा, त्याची बायको, त्यांची दोन मुलं, धाकटा मुलगा. “आन धाकली सून. लगीन होऊन वरीस नाय झालं. पण ती माहेरी हाय, सटाण्याकडं. आखाजीला गेली.”

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिकडच्या मुली माहेरी जातातच. मी बोटांवर महिने मोजले. चार होत होते. नियमाच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, तीन महिन्यांहून जास्त बाहेर असलेलं माणूस धरू नये. मी तिचं नाव लिहिलं आणि नीट पट्टी लावून खोडलं. सात.

मग रकाना चौदा. मी पुन्हा एकदा खोलीभर नजर फिरवली, आणि इथे माझं लहानपण आडवं आलं. आम्ही आईवडील, आजी आणि पाच भावंडं मिळून एका खोलीत राहायचो. दहावीचा अभ्यास मी ओट्याखाली बसून केला, तिथे गॅसच्या टाकीला पाठ टेकली की गार वाटायचं. झोपताना एकाचं डोकं पूर्वेला तर दुसऱ्याचं पश्चिमेला, म्हणजे खांदे एकमेकांत अडकत नाहीत. त्या आठांच्या मानाने इथे सातच. ओट्याखाली तर कोणी बसलेलंच नव्हतं. मी लिहिलं: पुरेशी.

निघताना दाराबाहेर भिंतीला टेकून एक पंचविशीचा तरुण उभा होता. केस विस्कटलेले, डोळे लाल. अकरा वाजता हा झोपून उठलाय. बाजूला एक बाई, तिची दोन मुलं आणि एक म्हातारे गृहस्थ असे ओळीने उभे होते. मी सगळ्यांना नमस्कार केला. त्या तरुणाकडे बघून मनात म्हटलंसुद्धा, या वयात जरा लवकर उठावं. आणि पुढच्या दाराकडे वळलो. तिथेही कोणीतरी म्हणालं, “बसा ना सर, भरपूर जागा आहे.”

बेचाळीस दारांत बेचाळीस वेळा हेच ऐकलं. चहा मात्र एकोणीसच घेतले.

दिवाळीनंतर यादी लागली. महिनाभराने मधल्या सुट्टीत शिपाई म्हणाला, “सर, एक मावशी आल्यात.” त्याच होत्या. हातात माझ्या फॉर्मची झेरॉक्स. कार्यालयात यादीत नाव का नाही म्हणून विचारायला गेल्या तर कोणीतरी ती काढून दिली होती. मावशींनी भांडायला सुरुवात करावी म्हणून मी वाट बघितली, कारण भांडणाऱ्या पालकांशी कसं बोलायचं हे मला येतं. त्या भांडल्या नाहीत.

“हे तुमचंच अक्षर ना गुरुजी?”

“हो.”

“छान हाय.” त्यांनी कागद बाकावर ठेवला. “आमच्या गल्लीतल्या एकाचंबी नाव नाय आलं. पलीकडच्या गल्लीतले समदे हायत. तिकडं दुसरं मास्तर होतं.”

मी म्हणालो, “मावशी, तुम्हीच म्हणालात ना, जागाच जागा आहे.”

“मंग पाव्हण्याला काय म्हनायचं? जागा नाय, जा?”

मी कागद उचलून पुन्हा खाली ठेवला.

“तुम्ही बसावं म्हनून आमी समदे भाईर उभं ऱ्हायलो,” त्या म्हणाल्या. “तुम्ही एकदाबी विचारलं नाय का, भाईर का उभे. धाकला रातपाळीवरनं नुकता येऊन पडला व्हता खाटंवर. त्याला उठवला, चादर बदलली.”

म्हणजे ते लाल डोळे. मी बसलो होतो ती त्याची झोप होती.

“आन सून,” मावशी म्हणाल्या, आणि आवाज खाली गेला. “ती भांडून नाय गेली. लोक तसं बोलत्यात. लय गुणाची हाय. ती झोपाया गेली. हितं तिला पाठ टेकाया जागा नव्हती, आन सासऱ्या-दिरासमोर लुगडं कुठं बदलणार. तिचा बाप म्हनतो, जागा झाली का पाठवतो, तवर पोरगी मला जड नाय. झालं. आता यादीत नाव नाय म्हनल्यावर तो कशाला पाठवतो.”

घंटा झाली. मावशी उठल्या आणि उठताना माझ्याच टेबलावरचा पसारा सवयीने सरळ करून गेल्या.

संध्याकाळी हे सगळं मी बायकोला सांगितलं. आम्ही इंदिरानगरला एक हॉल, एक बेडरूम अशा फ्लॅटमध्ये राहतो. ती भाजी निवडत होती. मला वाटलं ती म्हणेल, होतं असं, तुमचा काय दोष, फॉर्मच तसा. लग्नाला वीस वर्षं झाली तरी मी अशा आशा ठेवून असतो.

“आपलं लग्न झालं,” ती म्हणाली, “तेव्हा तुमच्या घरी मी किती दिवस होते पहिल्यांदा?”

“दोन-तीन महिने असशील. मग तुझ्या आईची तब्येत बिघडली आणि तू चार महिने...”

ती मेथीची जुडी सोडत राहिली.

“आईला काही झालं नव्हतं?” मी विचारलं.

“सर्दी झाली होती. दोन दिवस.”

मी वीस वर्षं लोकांना सांगत आलो होतो की सासूबाई तेव्हा फार आजारी होत्या, वाचल्या. एकदा तर सासूबाईंनाच सांगितलं होतं. त्या बिचाऱ्या हो म्हणाल्या होत्या.

“मला बोलायचं नव्हतं,” बायको म्हणाली. “तुमच्या आई माझ्यासाठी रोज सकाळी मोरीच्या दाराशी पाठ करून उभ्या राहायच्या, कोणी येऊ नये म्हणून. त्यांच्याबद्दल तक्रार कशी करू? आणि तुम्ही सगळ्यांना सांगायचात, आमच्याकडे काय मजा येते, सगळे एकत्र झोपतो. तुम्हाला येत असेल मजा. तुमची जागा भिंतीकडची होती.”

हे खरं होतं. माझी जागा भिंतीकडची होती. दोन्ही बाजूंनी माणूस असण्याचा अनुभव मला नाहीच. भिंतीला लाथ मारली तरी ती काही बोलत नाही.

तिने मेथीच्या काड्या कागदात गुंडाळल्या. “तुम्हाला सगळं पुरतं,” ती म्हणाली. “फक्त कपाटात माझ्या साड्या तेवढ्या आडव्या येतात.”

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी कार्यालयात गेलो. हरकती घेण्याची मुदत संपायला आठ दिवस होते. खिडकीवरच्या कारकुनांनी मला फॉर्म दिला. त्यात एक ओळ होती, ‘हरकत कोणाच्या नोंदीविरुद्ध’. मी माझं नाव लिहिलं. वर ‘हरकत घेणारा’ तिथेही माझंच. कारकुनांनी चष्मा खाली करून वाचलं, मग वर करून वाचलं.

“तुम्हीच तुमच्याविरुद्ध?”

“हो.”

“मग सुनावणीला दोन्ही पक्ष हजर पाहिजेत,” ते म्हणाले. चेहरा अगदी गंभीर. “तुम्हाला जमेल ना?”

शेजारच्या टेबलावर कोणीतरी फाइल तोंडापुढे धरली. त्या दिवसापासून त्या कार्यालयात माझं नाव ‘पुरेशी’ पडलं. अजूनही मी दारात दिसलो की आतून आवाज येतो, “आले बघा पुरेशी.”

मला आत एका इंजिनिअर मॅडमकडे पाठवलं. वयाने माझ्यापेक्षा लहान, समोर फायलींचा ढीग, डबा अर्धा खाऊन बाजूला ठेवलेला. मी रात्रभर जुळवून नेलेलं भाषण सुरू केलं. की माणसाला किती जागा लागते हे ठरवणं सरकारचं काम आहे. की ते एका मास्तरच्या नजरेवर सोडायचं नसतं. की मास्तर कुठल्या खोलीत वाढला यावर कुणाचं घर ठरत असेल तर तो अन्याय आहे. की मला टेपसुद्धा दिली नव्हती. मी बऱ्यापैकी बोललो.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “टेप द्यायला हवी होती. पुरेशी म्हणजे माणशी किती, हे फॉर्मवर छापायला हवं होतं. ते आमचं चुकलं, मी तसं लिहून वर पाठवते.”

मी इतका सहज जिंकेन असं वाटलं नव्हतं.

“पण सर,” माझ्या हरकतीत लिहिलेलं कारण वाचत त्या म्हणाल्या, “बाहेर पाच माणसं उभी होती, ती मोजायला टेप लागते?”

परत येताना नदीच्या पुलावर मी स्कूटर थांबवली, कारण नीट विचार करायला मला उभं राहावं लागतं. आमच्या त्या खोलीत मी पंचवीसेक वर्षं काढली. तेवढ्या वर्षांत कोणी आलं नाही, वही घेऊन, पेन घेऊन, तुम्ही आठजण इथे कसे मावता म्हणून विचारायला. वडील कधीकधी म्हणायचे, सरकारने एकदा येऊन बघावं. मला वाटायचं, आलं की ते गाडीतून येईल, दोन-चार साहेब असतील, बघताक्षणी त्यांना कळेल. आता एवढ्या वर्षांनी ते खरंच एका घरी गेलं होतं. स्कूटरवरून गेलं, खाटेवर बसलं, चहा प्यालं आणि पुरेशी आहे म्हणून निघून आलं. ते मीच होतो.

मॅडमनी गल्लीची फेरतपासणी लावली. सुरुवात मावशींच्या घरापासून, कारण हरकतीत मी तेच घर पहिलं लिहिलं होतं. धाकट्या सुनेचं नाव पुन्हा धरायचं तर ती त्या दिवशी हजर पाहिजे होती. धाकट्याने सासऱ्यांना फोन केला, त्यांनी नाही म्हटलं. मग मी केला.

“नमस्कार, मी पाहणी केली ते सर बोलतोय.”

पलीकडे कोणालातरी थांब म्हटलेलं ऐकू आलं. मग, “पुरेशीवाले?”

सटाण्यापर्यंत पोचलं होतं. मी हो म्हणालो. चूक माझी आहे, तुमच्या मुलीचं नाव मीच खोडलंय, ती आली नाही तर पुन्हा लिहिता येणार नाही, असं सगळं एका दमात सांगितलं. त्यांचं कांद्याचं काम चालू होतं, मागे माणसं बोलत होती. शेवटी म्हणाले, “धाडस मी. पन सांजनी गाडीवर ती परत येई.” म्हणजे सकाळी ते पाठवणार आणि संध्याकाळच्या एसटीने ती परत. सासरी मुक्काम नाही.

आदल्या दिवशी मी वस्तीत जाऊन मावशींना बजावलं. उद्या काही आवरायचं नाही. चादर बदलायची नाही. चहा नको. आणि सगळ्यांनी आत राहायचं, कोणी बाहेर जायचं नाही. मावशी हो हो म्हणाल्या.

थंडीचे दिवस होते. मॅडम दहाला आल्या. आणि त्यांची चप्पल उंबऱ्याला लागते न लागते तोच मोठी सून मुलांना दंडाला धरून बाहेर निघाली, मोठा मुलगा तिच्या मागे, म्हातारबाबा काठी शोधू लागले आणि मावशी पदराने खाट झटकत म्हणाल्या, “या मॅडम, बसा. जागाच...”

“मावशी,” मी म्हणालो.

मावशींनी तोंडावर हात ठेवला.

मी दारात आडवा उभा राहून सगळ्यांना परत आत घातलं. वर्गात कोंबतात तसं. धाकटा रात्रपाळी करून आलेला, तोही आत आला. धाकटी सून स्टँडवरून नुकतीच पोचली होती, पिशवी अजून हातातच. ती दाराच्या फळीला चिकटून उभी राहिली. मी खिशातून नवीकोरी टेप काढली. ही मी स्वतः घेतली होती. ती उलगडून भिंतीला लावतोय तर म्हातारबाबा म्हणाले, “दहा बाय साडेअकरा.”

मी त्यांच्याकडे बघितलं.

“पश्चिमेची भिंत दोन इंच आत हाय,” ते म्हणाले. “मीच बांधली. ओळंबा नव्हता त्या दिशी.”

ते गवंडी होते. चाळीस वर्षं. इंदिरानगरातल्या किती इमारतींच्या भिंती त्यांच्या हातच्या आहेत ते त्यांनी नंतर सांगितलं. त्यात आमच्या मागचीही निघाली. मी टेप लावली. दहा बाय साडेअकरा, पश्चिमेला दोन इंच कमी. पावसाळ्यात मी या माणसाला नमस्कार करून पुढे गेलो होतो.

मॅडमनी आकडे लिहिले. मग म्हणाल्या, “कागदावर आधी पुरेशी आहे. ते खोडायचं तर कारण लिहावं लागतं. मला सांगा, तुम्ही झोपता कसे?”

असं कोणी कोणाला विचारत नाही. मोठ्या सुनेने मान खाली घातली. मावशी उगाच पेटीवरची गोधडी सारखी करू लागल्या. आणि म्हातारबाबांनी काठी कोपऱ्यात ठेवली, खाली बसले आणि दारापाशी आडवे झाले. डोकं खाटेखाली. पाय गुडघ्यापासून उंबऱ्याबाहेर, गल्लीत.

“हे असं,” खाटेखालून आवाज आला.

मग मावशी त्यांच्या बाजूला, कुशीवर. मुलं खाटेवर, एक उशाशी, एक पायाशी. मोठा मुलगा पेटी आणि खाट यांच्यामध्ये, हात पोटावर घट्ट. त्याची बायको ओट्याखाली. ओट्याखालची ती जागा मला ओळखीची होती. दहा मिनिटांत, भर सकाळी, उजेडात, सगळं घर डोळे मिटून झोपल्यासारखं पडलं होतं. धाकट्या नातवाला हसू आवरत नव्हतं. बाकी कोणी हललं नाही.

धाकटा मात्र पुन्हा दाराबाहेर जाऊन उभा राहिला होता.

“तुम्ही?” मॅडमनी विचारलं.

“मी रात्री कंपनीत.”

“रोजच?”

“रोज. मागून घेतलीय रातपाळी.” तो बायकोकडे न बघता म्हणाला. “म्हणजे एकाची जागा सुटती.”

मग सगळ्यांच्या नजरा धाकट्या सुनेकडे गेल्या. तिने पिशवी भिंतीच्या खुंटीला अडकवली, पेटीवरची एक गोधडी उचलली आणि खोलीत बघितलं. खालून मावशी म्हणाल्या, “सरका गं जरा, सरका.” सगळे थोडे थोडे सरकले, पण सरकून कुठे जाणार, तेवढ्यातच परत आले. ती गोधडी घेऊन उभीच. मॅडमनी विचारलं, “तुमची जागा कुठली?”

ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं तिला काही विचारायचं आहे.

“ह्या सरले इचारा,” ती म्हणाली. “त्यासनीच लिखेल शे ना, जागा शे.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की खोलीत मोकळी अशी एकच फरशी होती, आणि तिच्यावर मी टेप धरून उभा होतो. मी म्हातारबाबांचे पाय ओलांडून बाहेर आलो. तिने गोधडीची घडी न उलगडता तिथे ठेवली. उलगडली असती तर मावली नसती. त्यावर ती गुडघे पोटाशी घेऊन बसली.

“एवढी शे,” ती म्हणाली.

मॅडमनी बराच वेळ लिहिलं. मग माझं ‘पुरेशी’ खोडलं आणि मला बाजूला सही करायला लावली. सही करताना माझं अक्षर तेवढं सुरेख आलं नाही.

संध्याकाळच्या एसटीने ती परत गेली. धाकटा पिशवी घेऊन स्टँडपर्यंत गेला आणि तिथूनच पाळीवर.

पुढे दोन हिवाळे गेले. नाल्याकाठच्या त्या गल्लीतली सगळी घरं अजून मिळालेली नाहीत. काहींना मिळाली, काहींना दुसरा टप्पा म्हणतात, काहींना नुसतंच हो म्हणतात. मी महिन्यातून एकदा कार्यालयात जाऊन विचारतो. मी गेलो नाही तर तिथल्या लोकांना चुकल्यासारखं वाटतं म्हणे. मॅडमची बदली झाली. पण नव्या फॉर्मवर आता रकाना चौदाखाली माणशी किती जागा ते बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि सोबत टेप मिळते. ती छोटी आहे, खोलीच्या मध्यापर्यंत पोचते.

मावशींना मिळालं. चौथ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि मोरी. वास्तूच्या दिवशी त्यांनी आम्हाला दोघांना बोलावलं. लिफ्ट चालू होती. म्हातारबाबा प्रत्येक भिंतीवर टिचकी मारून ऐकत फिरत होते. गिलावा त्यांना काही पटला नव्हता. मावशी बायकोला हळूच सांगत होत्या, “एवढी जागा हाय तरी हे मेलं दारातच झोपतंय. पाय भाईर काढल्याबिगर झोपच नाय लागत.” आतल्या खोलीला दार होतं, आणि त्या दाराला आतून कडी. बायकोने ती कडी एकदा लावून बघितली आणि काढली. मला वाटतं कुणाला दिसलं नाही. मला दिसलं.

धाकटा दिवसपाळीला होता. त्याची बायको आतून चहा घेऊन आली. पाठोपाठ मावशी आल्या, नवी चादर घातलेल्या खाटेकडे हात करून म्हणाल्या, “बसा ना गुरुजी. जागाच जागा हाय.”

मी बसणार होतो. पण पाय आपोआप दाराकडे वळले. बाहेर जाऊन मी जिन्यात डोकावलं, वर बघितलं, खाली बघितलं, भिंतीला टेकून कोणी उभं आहे का ते. कोणी नव्हतं. परत आलो तर धाकटी सून ट्रे धरून तशीच उभी होती. तिने माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं, तिथे पेन होतं.

“बसा सर,” ती म्हणाली. “फक्त काही लिखू नका.”